लाल कोपऱ्याचे कागद

मंगळवार, ८ जुलै २०२५

"आपल्या माणसांनी लोकांचं लई उष्टं खाल्लं. तू कोणाच्या थुंकीला हात लावू नको."

आई हे म्हणाली तेव्हा मी तिसरीत होते. गुरुजी अंगठा जिभेला लावून माझ्या वहीची पानं उलटायचे आणि वही परत मिळाली की कोपरे ओले असायचे. मी तक्रार म्हणून नव्हतं सांगितलं, सहज सांगितलं होतं. आई भांडी घासत होती, तिने मानही वर केली नाही. नंतर मात्र वही मागून घेतली आणि ओले झालेले सगळे कोपरे कात्रीने कापून टाकले. पुढे वर्षभर माझ्या वह्यांना एक कोपरा कमी असायचा.

आज हे आठवलं, कारण ऑफिसच्या नव्या प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून मी ट्रे ओढला आणि वरच्या कागदांचे कोपरे ओले लागले. बोट लावल्यावर कळलं, नुसते ओले नव्हते, लालसर होते. बेसिनवर जाऊन साबण लावून हात धुतले आणि परत येऊन त्याच ट्रेसमोर बसले, कारण कागद अजून अडकलेलाच होता.

आमच्या कंपनीत रंगांसाठी लागणारी रसायनं बनतात. अंबरनाथ एमआयडीसीत अशा कितीतरी आहेत. माल पिंपांतून बाहेर जातो तेव्हा त्याच्याबरोबर तपासणीचं सर्टिफिकेट जातं. ते मी छापते. छापलेलं जुळवून पाकिटात घालण्याचं काम प्रमोदभाऊंचं. डिस्पॅच तेच बघतात, प्रिंटरमध्ये कागदही तेच भरतात. जीभ, अंगठा, कागद. जीभ, अंगठा, कागद. त्यांचा तंबाखूचा मावा साऱ्या कंपनीला माहीत आहे. इतकी वर्षं जुन्या प्रिंटरने खपवून घेतलं, हा नवा घेत नाही. ओला कोपरा आत गेला की रोलरला चिकटतो आणि कागदाचा बोळा होतो.

घरी राजरत्नला सांगितलं. माझा नवरा कशालाच नाक मुरडत नाही. म्हणाला, "अगं, अर्धा देश थुंकीवर चालतो. नोटा मोजणाऱ्यांना बघ जरा." मी पोळ्या लाटायच्या आधी पुन्हा हात धुतले.

बुधवार, ९ जुलै

गुजरातच्या पार्टीने सर्टिफिकेटं परत पाठवली. विक्रांत सरांनी (मालकांचे पुतणे, आता ऑफिस तेच चालवतात) फोटो मोबाईलवर मोठा करून दाखवला. चार कागद, चारहींच्या कोपऱ्यावर लाल बोट उमटलेलं.

"पार्टी विचारते, तुमच्याकडे सही करतात की पिचकारी मारतात?"

राजसीला हसू आलं. ती माझ्या हाताखाली आहे, यंदाच लागली. सर हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, कागदाचं सगळं आजपासून तुमच्याकडे. कोणता आणायचा, कुठे ठेवायचा, कोणी हात लावायचा. अजून एक तक्रार आली तर मी कोणाला तरी घरी बसवणार. कोणाला, ते तुम्हीच सांगा मला."

प्रमोदभाऊ दारातच उभे होते. खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला आणि निघून गेले. ना माफी, ना काही. मला त्यांचा राग आला आणि त्या रुमालाची शिसारी.

शनिवार, १२ जुलै

राजसीला घेऊन उल्हासनगरला कागद बघायला गेले. आजवर प्रमोदभाऊ सुटा, कापून विकलेला स्वस्त कागद आणायचे. त्याची धूळ प्रिंटरमध्ये पिठासारखी साठली आहे, आणि कडा एकसारख्या नाहीत.

दुकानदार सिंधी, सत्तरीच्या पुढचे. सगळे त्यांना दादा म्हणत होते. आधी विचारलं, "लेझर है क्या? मग मॅडम, ऐंशी जीएसएमच्या खाली जाऊ नका. लेझर मतलब इस्त्री. गीला कपडा इस्त्रीखाली घालाल तर वाफ येणारच ना?" वेष्टनावरचा बाण दाखवला. बाण ज्या बाजूला, ती बाजू छापायची. रीम उघडली की उरलेले कागद पुन्हा गुंडाळून ठेवायचे, जमिनीवर ठेवायचे नाहीत, उभे तर नाहीच. ट्रेमध्ये घालण्याआधी गठ्ठा दोन्ही हातांनी वाकवून फुलवायचा, म्हणजे पानं एकमेकांना सोडतात. त्यांनी फुलवला तेव्हा फडफड असा कोरडा आवाज आला. फार दिवसांनी स्वच्छ काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं.

"मग थुंकी लावायची गरजच नाही," मी म्हणाले.

"बिलकुल नाही, साईं," दादा म्हणाले आणि बिलबुकाचं पान उलटायला अंगठा जिभेवर टेकवला.

राजसी रिक्षात बसेपर्यंत हसत होती. मला हसता आलं नाही. बिल मी कोपऱ्याने धरून पर्समध्ये टाकलं.

सोमवार, १४ जुलै

प्रमोदभाऊंसाठी स्पंजची गोल डबी आणली, बँकेत कॅशियरसमोर असते तशी. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आजपासून बोट इथे ओलं करायचं."

"मला बँकेत कधी लावलंत, मॅडम?" ते म्हणाले. ओठ न हलवता बोलतात हल्ली, दातांतल्या दातांत. शब्द नीट कळत नाहीत. रुसले असतील. रुसू देत.

पण दिवसभर स्पंज वापरला. मी कामाच्या आडून बघत होते. जिभेकडे बोट गेलं नाही. कागद भरायचं काम मी स्वतःकडे घेतलं आहे.

गुरुवार, १७ जुलै

प्रिंटर एकदाही अडला नाही. राजसीने त्याला नमस्कार केला.

जेवायला आम्ही एकत्र बसतो. प्रमोदभाऊंच्या डब्यात आजही दहीभात. गेले कित्येक दिवस तेच. एके काळी हे गावाकडून सुकट घालून केलेली चटणी आणायचे, सगळ्यांना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायला लावायचे. बदलापूरच्या पुढे त्यांचं गाव, शेती आहे थोडी, भाऊ बघतो.

राजसी म्हणाली, "काका, दात येतायत का? बाळासारखा भात खाताय."

ते म्हणाले, "नातवाचा डबा चुकून आला गं."

मी त्यांच्याकडे बघणं टाळते. ते घास फार छोटा घेतात, चमच्याच्या टोकावर, आणि एकाच गालाने चघळतात. चघळताना आवाज येतो. मी आजपासून माझी खुर्ची खिडकीकडे वळवून बसले. वाईट दिसलं असेल. पण मला घास गिळवेना.

शुक्रवार, २५ जुलै

आज एमआयडीसीची सुट्टी. काल कंपनीत गटारी झाली. सरांनी सगळ्यांसाठी मटण सांगितलं होतं, प्यायची सोय ज्यांची त्यांनी. प्रमोदभाऊंची दरवर्षी नळीवर पैज लागायची. दाढेखाली घेऊन कडकन फोडायचे. यंदा पोरांनी पहिली नळी त्यांच्याच ताटात टाकली. त्यांनी ती उचलून सफाईवाल्या बनूबाईंच्या ताटात ठेवली आणि रस्सा भातावर घेतला. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी.

"काय भाऊ, श्रावण लागला का तुम्हाला आजच?" कोणीतरी म्हणालं.

"तिखट आहे रे."

तिखट काही नव्हतं. मग उठून नळावर गेले आणि बराच वेळ चूळ भरत राहिले. सगळे जेवताहेत आणि हे घशातून आवाज काढत चूळ भरताहेत. मी ताट अर्धं टाकलं. माझ्या शेजारून गेले तेव्हा लवंगेच्या तेलाचा वास आला, आणि त्याच्याखाली दुसरा एक, फुलदाणीतल्या जुन्या पाण्यासारखा.

मी स्वतःशी कबूल करते की मला या माणसाची किळस येते. त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. मला डेंग्यू झाला होता तेव्हा पपईची पानं घेऊन ते कात्रपला आमच्या घरी आले होते, दोन जिने चढून. हे आठवतं, तरी किळस येते. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला आवडत नाही.

सोमवार, २८ जुलै

बनूबाई जिना पुसत होत्या. म्हटलं, "प्रमोदभाऊंच्या माव्याने तुम्हाला किती काम."

त्या म्हणाल्या, "कुठं ताई? होळीपासनं सोडलाय त्यांनी. हा कोपरा बघा, पांढरा आहे. आधी रोज घासायची."

मग कोपऱ्यांवर लाल काय होतं? सोडलाय म्हणून लोकांना सांगायचं आणि गुपचूप खायचा. खोटेपणाची मला थुंकीपेक्षा जास्त चीड येते.

बुधवार, ३० जुलै

आज पुन्हा. आणि या वेळी कोपऱ्यावर नाही. सर्टिफिकेटच्या मधोमध, बरोबर सहीच्या जागेवर, मसुराएवढा लाल थेंब. स्पंजची डबी शेजारीच, पाणी स्वच्छ. म्हणजे बोटाचा प्रश्नच नाही. कागदावर वाकून पाकिटात घालताना तोंडातून पडला. एवढं तोंड भरून कोणी काम करतं?

मी कागद त्यांच्यासमोर धरला. "हे काय आहे?"

त्यांनी बघितलं. हात पुढे केला, मी कागद मागे घेतला.

"दुसरा छापून द्या मॅडम. चुकलं."

"मावा सोडलाय ना तुम्ही?"

"सोडलाय."

"मग?"

फुगलेल्या गालावर हात ठेवून उभे राहिले. मी तशीच विक्रांत सरांकडे गेले आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. नाव मी घेतलं. सर म्हणाले, "मला माहीतच होतं. घरी बसवू?" मी म्हणाले, नको, फक्त कागदापासून लांब ठेवा. उद्यापासून त्यांना मागच्या गोडाऊनला टाकलं आहे. त्यांना कोणी सांगितलं, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

खोटं कशाला लिहू, सुटल्यासारखं वाटलं.

शनिवार, २ ऑगस्ट

पांढरे कागद. कोरडे कोपरे. पाकिटं आता राजसी भरते. खुर्ची पुन्हा टेबलाकडे वळवून जेवले.

सोमवार, ११ ऑगस्ट

ऑफिसात ओल फार आहे. भिंतीला हात लावला तर ओला होतो, खिडकी उघडली की नाल्याचा आणि रसायनांचा एकत्र वास आत येतो. कागदाच्या रीमी गोडाऊनला हलवल्या, तिथे लाकडी फळ्या आहेत. फोनवर प्रमोदभाऊंना सांगितलं, "ओल लागू द्यायची नाही, काही झालं तरी." ते "हं" म्हणाले. हल्ली फोनवर तेवढंच म्हणतात.

मंगळवार, १९ ऑगस्ट

सकाळपासून प्रिंटर अडत होता. राजसीने गोडाऊनहून आलेली रीम उघडली आणि एक कागद उचलून दाखवला. "मॅम, उडदाचे पापड."

खरंच पापड. चारही कडा वर वळलेल्या, कडक. ट्रेमध्ये बसेचनात. दुपारच्या गाडीबरोबर जायची सर्टिफिकेटं अडकली. सरांनी येऊन बघितलं आणि म्हणाले, "गोडाऊनला कोण आहे? प्रमोद? बास. महिनाअखेर त्याचा हिशेब करून टाका." मी तशीच गोडाऊनला गेले.

रीमी फळ्यांवर नव्हत्याच. बॉयलरच्या भिंतीला लागून ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीचं वेष्टन उलगडून. वाळवण घालतात तसं.

"हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, ओल लागू द्यायची नाही. म्हटलं, शेक द्यावा." शब्द फुटत नव्हते. मला वाकून ऐकावं लागलं.

"शेक द्यायला बाळंतीण आहे का ती?"

ते हसले. हसताना तोंडावर हात गेला आणि हसू मधेच थांबलं. पाठ फिरवून बादलीत थुंकले. बादलीशेजारी खोका होता. त्यात मीच टाकून दिलेले कागद, प्रिंटरमध्ये चुरगळलेले. एकेका बोळ्याने तोंड पुसून टाकलेलं. लाल, गडद लाल, काही सुकून काळे. एक बोळा खाली पडून माझ्या चपलेशी आला.

मी पाय मागे घेतला. ओकारी येतेय असं वाटलं. ती माझ्या चेहऱ्यावर दिसली असणार.

"दाढ आहे मॅडम. हलतेय. लवंग लावतो."

"दाखवली का कोणाला?"

"पडेल आपोआप."

हे म्हणताना त्यांचं तोंड बोटभरसुद्धा उघडलं नाही. ते वाकले, माझ्या पायाजवळचा बोळा स्वतः उचलला. "तुम्ही नका थांबू इथं. मला ठाऊक आहे, तुम्हाला नाही चालत. म्हणून तर इकडं बरं आहे."

मी ऑफिसात परत आले आणि चपला नळाखाली धरल्या.

बुधवार, २० ऑगस्ट

आज पाऊस म्हणून उशिरा जायचं होतं. भाजी निवडत बसले होते. बीट चिरलं आणि बोटं लाल झाली. ती धुवायला उठले, आणि अर्ध्या वाटेत थांबले.

होळीपासून मावा नाही. मग लाल कुठून येणार?

इतकं साधं. ते रक्त होतं. बनूबाईंनी सांगितलं, तेव्हा मी त्यातून त्यांचा खोटेपणा काढला. दहीभात बघितला, तेव्हा मी खुर्ची फिरवली. नळी दुसऱ्याच्या ताटात गेली, रश्श्याने डोळ्यांत पाणी आलं, तोंड उघडेना, वास आला, आणि मी प्रत्येक वेळी फक्त माझ्या पोटात काय होतं तेवढंच बघितलं. तंबाखूच्या पुडीवर तोंडाच्या कॅन्सरचं चित्र छापलेलं असतं. कोणी बघू नये असंच असतं ते, म्हणून मीही कधी बघितलं नाही. आज रस्त्यावर पडलेल्या पुडीवर बघितलं. त्या चित्रातला गाल प्रमोदभाऊंच्या गालासारखाच फुगलेला होता.

मला डॉक्टरकी कळत नाही. दाढही असेल. दाढ असू दे.

राजरत्नला फोन केला. ऐकून तो म्हणाला, "त्याला माहीत असणार गं. माहीत असलं की माणूस जात नाही." आणि थोड्या वेळाने, "ईएसआयचं, कामगार विम्याचं कार्ड आहे ना त्याचं? नोकरी आहे तोवर इलाज फुकट."

ऑफिसला गेल्या गेल्या सरांना म्हणाले, प्रमोदभाऊंचं महिनाअखेरचं थांबवा, कागद बॉयलरजवळ गेला ती सांगण्यातली चूक माझी, फळ्यांवरच ठेवा असं मी नीट सांगितलं नव्हतं. सर म्हणाले, "मॅडम, गेल्या महिन्यात तुम्हीच कागद घेऊन आला होता माझ्याकडे. आता तुम्हीच वकील?" आणि कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "बघू."

बघू म्हणजे काय ते मला कळतं.

गुरुवार, २१ ऑगस्ट, सकाळ

उद्या शुक्रवार, कंपनी बंद, दवाखाना चालू. आज गोडाऊनला जाऊन बोलायचं ठरवलं आहे.

ते काय म्हणतील, ते मी कालपासून मनात ऐकते आहे. दाढ आहे. पडेल. बायकोला घाबरवू नका. गावी एक वैदू आहे, त्याचं औषध चालू आहे. आणि हे सगळं म्हणून झाल्यावर, तोंड दुसरीकडे वळवून, मला ओलांडून बादलीकडे जातील. किंवा विचारतील, मला गोडाऊनला कोणी टाकलं? ते विचारतील असं वाटत नाही, पण मी सांगणार आहे. सांगितल्यावर तर ते येणारच नाहीत. माझ्यासारख्या बाईबरोबर कोणी का यावं, जिने खुर्ची खिडकीकडे वळवली? ते त्यांनी बघितलं होतं. सगळं बघितलं होतं त्यांनी.

माझी किळस गेलेली नाही. तो खोका आठवला की अजूनही हात धुवावेसे वाटतात. रिक्षात त्यांच्या शेजारी बसायचं, रुमाल भरला तर दुसरा द्यायचा, तो हातात घ्यायचा, हे मला जमेल की नाही, माहीत नाही. काल दोन जुने पंचे फाडून धुऊन वाळवले, पर्समध्ये ठेवले आहेत. हातमोजेही ठेवले होते. मग काढले. मग पुन्हा ठेवले.

जेवढं बोलायचं आहे तेवढं इथे लिहून ठेवते, म्हणजे समोर उभी राहिल्यावर दुसरंच काही बोलणार नाही:

प्रमोदभाऊ, तुमचं नाव सरांकडे मीच नेलं होतं. त्याबद्दल मला हवं ते बोला, पण बोलणं झालं की उद्या माझ्याबरोबर ईएसआयला चला. आत जाताना मी थांबेन, बाहेर येईपर्यंत थांबेन. डॉक्टर म्हणतील तेव्हा तोंड उघडा. दुखलं तरी, जेवढं उघडेल तेवढं. माझ्यासाठी येऊ नका. पण या.